विश्लेषण : मरळीसाठी कोणते रीळ घ्यावे? ५.४, ६.३, ७.१, ८.१ या आकड्यांमागचे गणित काय?

सिद्धेश्वर, येलदरी, इसापूर ही धरणे असोत की कयाधू नदीतले डोह, पाण्याकाठी गळ टाकून बसणे हिंगोली जिल्ह्याला नवे नाही. बांबूची काठी, तंगूस, गळ आणि गांडूळ एवढ्या भांडवलावर कित्येक पिढ्यांनी मासे धरले. नवे आहे ते ऑनलाइन बाजारातून घरपोच येणारे बेटकास्टिंग रीळ. ते घ्यायला गेले की एकाच मॉडेलचे तीन-तीन प्रकार समोर येतात. किंमत सारखी, रंग सारखा, फरक फक्त एका आकड्याचा. कुठे ५.४:१, कुठे ६.३:१, तर कुठे ८.१:१. आकडा मोठा म्हणजे रीळ भारी, असा अनेकांचा समज होतो आणि काही हजार रुपये चुकीच्या खोक्यावर खर्च होतात. या आकड्याचा नेमका अर्थ काय आणि मराठवाड्याच्या पाण्यात त्याचा उपयोग कसा करायचा, याविषयी…

बेटकास्टिंग रीळ म्हणजे काय?

गळाच्या रिळांचे दोन प्रमुख प्रकार आहेत. स्पिनिंग रीळ काठीच्या खाली लटकते आणि दोरी फेकताना त्याचा स्पूल, म्हणजे दोरी गुंडाळलेली फिरकी, जागेवर स्थिर असते. त्यावरून दोरीची वेटोळी आपोआप सुटत जातात. बेटकास्टिंग रीळ काठीच्या वर बसते आणि त्याचा स्पूल आडवा असतो. आमिष फेकले की ते दोरी ओढते आणि स्पूल गरागरा फिरतो. पतंग उडवताना आसारी फिरते, तसाच हा प्रकार. फिरणाऱ्या स्पूलवर अंगठा ठेवून फेक हवी तिथे थांबवता येते. त्यामुळे दोन झुडपांमधल्या हातभर मोकळ्या पाण्यात आमिष उतरवण्यासाठी हे रीळ सोयीचे ठरते.

या यंत्राचे मूळ घड्याळजींच्या दुकानात आहे. अमेरिकेतील केंटकी राज्यात पॅरिस नावाच्या गावी जॉर्ज स्नायडर या घड्याळजीने एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला दातेरी चाके बसवलेली रिळे तयार केली. पुढे प्रसिद्ध झालेल्या स्वीडनमधील आबू कंपनीची सुरुवातही १९२१ मध्ये घड्याळाचा कारखाना म्हणूनच झाली. नेमके कापलेले दाते आणि कमीत कमी घर्षण हे घड्याळाचे गुण या रिळालाही लागतात.

गिअर रेशोचा नेमका अर्थ काय?

हँडल एकदा पूर्ण फिरवले की स्पूल किती वेळा फिरतो, ते सांगणारा हा आकडा. ६.३:१ म्हणजे हँडलचा एक फेरा आणि स्पूलचे ६.३ फेरे. रिळाच्या आत हँडलला जोडलेले मोठे दातेरी चाक असते आणि त्याला भिडलेले छोटे चाक, म्हणजे पिनियन, स्पूल फिरवते. समजा, मोठ्या चाकाला ७१ आणि पिनियनला १० दाते असतील, तर गुणोत्तर ७.१:१ होईल. सायकलचे पुढचे मोठे आणि मागचे छोटे चाक ज्या तत्त्वावर चालते, तेच तत्त्व इथे आहे.

बाजारात साधारणपणे ५ ते ६ दरम्यानची रिळे मंद, ६ ते ७ दरम्यानची मध्यम, ७ ते ८ दरम्यानची वेगवान आणि ८ च्या पुढची अतिवेगवान मानली जातात. शिमानोच्या मॉडेलच्या नावापुढे दिसणारी पीजी, एचजी, एक्सजी किंवा दाइवाची एचएस, एक्सएस ही अक्षरे हाच फरक सांगतात. पीजी म्हणजे मंद पण ताकदीचे. एचजी, एचएस म्हणजे वेगवान. एक्सजी, एक्सएस म्हणजे त्याहून वेगवान.

एका फेऱ्यात किती दोरी आत येते?

पाण्यातल्या माशाला गुणोत्तर समजत नाही. त्याला जाणवतो तो आमिषाचा वेग. म्हणून खरा आकडा आहे एका फेऱ्यात आत येणाऱ्या दोरीचा. तो काढायचे सूत्र शाळेतलेच आहे : दोरीने भरलेल्या स्पूलचा व्यास गुणिले ३.१४ गुणिले गिअर रेशो.

भरलेल्या स्पूलचा व्यास ३४ मिलिमीटर धरू. त्याचा परीघ होतो सुमारे १०.७ सेंटिमीटर. मग ५.४:१ च्या रिळात एका फेऱ्याला सुमारे ५८ सेंटिमीटर दोरी आत येते. ६.३:१ मध्ये ६७, ७.१:१ मध्ये ७६ आणि ८.१:१ मध्ये ८६ सेंटिमीटरच्या आसपास.

यात दोन खाचाखोचा आहेत. पहिली, लांब फेक झाली की स्पूलवरची दोरी कमी होते आणि त्याचा व्यास घटतो. तो २८ मिलिमीटरवर आला, तर ६.३:१ चे तेच रीळ फेऱ्याला ६७ ऐवजी ५५ सेंटिमीटरच दोरी ओढते. म्हणून स्पूलवर दोरी अर्धवट भरणे म्हणजे विकत घेतलेला वेग वाया घालवणे. दुसरी, स्पिनिंग आणि बेटकास्टिंग रिळांच्या गुणोत्तरांची थेट तुलना करता येत नाही. स्पिनिंग रिळाचा स्पूल मोठा असतो. ४६ मिलिमीटर व्यासाचे ५:१ चे स्पिनिंग रीळ फेऱ्याला ७२ सेंटिमीटर दोरी गुंडाळते, म्हणजे ६.३:१ च्या बेटकास्टिंग रिळापेक्षा जास्तच. म्हणून खोक्यावर गुणोत्तराशेजारी छापलेला ‘एका फेऱ्यात इतके सेंटिमीटर किंवा इंच’ हा आकडा आधी वाचावा.

वेग वाढला की काय हातचे जाते?

ताकद. चढावर सायकलचा जड गिअर टाकला की पाय अडखळतात, तसेच इथे होते. हँडलच्या मध्यापासून मुठीपर्यंतचे अंतर ४८ मिलिमीटर आहे आणि हाताचा जोर २ किलो आहे, असे समजा. घर्षण बाजूला ठेवले, तर ५.४:१ च्या रिळात दोरीवर सुमारे १.०५ किलोची ओढ मिळते. ६.३:१ मध्ये ती ०.९० किलो, ७.१:१ मध्ये ०.८० किलो आणि ८.१:१ मध्ये ०.७० किलोवर येते. हात तोच, जोर तोच, पण ओढ एक तृतीयांशाने कमी.

याचा अर्थ वेगवान रिळाने मोठा मासा निघत नाही असा नाही. मोठा मासा काढताना जोर काठीने लावायचा असतो. काठी वर उचलून माशाला जवळ आणायचे आणि काठी खाली नेताना सुटलेली दोरी गुंडाळून घ्यायची. थोडे लांब हँडल बसवले तरी ओढ वाढते. पण जे आमिष ओढतानाच पाणी सतत विरोध करते, ते दिवसभर वेगवान रिळाने ओढले की मनगट भरून येते. अशा वेळी मंद रीळ कामाला येते.

बाससाठीचा सल्ला मरळीला लागू पडतो का?

बराचसा पडतो, पण जसाच्या तसा नाही. मोबाइलवर दिसणारे बहुतेक व्हिडिओ लार्जमाउथ बास या माशाचे असतात. हा मूळचा उत्तर अमेरिकेतला मासा. मराठवाड्याच्या धरणांत तो नाही. स्वभावाने त्याच्या सर्वांत जवळचा आपला मासा म्हणजे मरळ. दोघेही गोड्या पाण्यातले शिकारी. दोघेही गवताच्या, खुंटांच्या आडोशाला दबा धरतात आणि वरून जाणाऱ्या बेडकावर झडप घालतात. त्यामुळे बाससाठी बनवलेला रबरी बेडूक मरळीलाही भुलवतो.

फरक दोन आहेत. मरळीला पाण्यातल्या प्राणवायूवर भागत नाही. तिला ठरावीक वेळाने वर येऊन हवा घ्यावी लागते. काठावर शांत बसले की तिची जागा कळते ती त्या एका ‘डुबुक’ आवाजाने. दुसरा फरक तोंडाचा. मरळीचा जबडा कठीण आणि दातेरी असतो. गळ रुतायला जोराचा झटका लागतो आणि तो ढिल्या दोरीने बसत नाही. मरळीसाठी वेगवान रीळ सुचवले जाते ते याच कारणाने.

मग हिंगोलीच्या पाण्यात कोणता आकडा?

पाणी कसे आहे आणि आमिष कोणते आहे, यावर उत्तर ठरते.

जलपर्णी, पाणगवत, काठावरची बेशरमाची झुडपे अशा ठिकाणी रबरी बेडूक वापरायचा असेल, तर ७.१:१ किंवा त्याच्या आसपासचे रीळ घ्यावे. बेडूक हाताच्या हेलकाव्याने नाचवला जातो. रिळाचे काम फक्त ढिली दोरी गोळा करण्याचे असते. मरळीने झडप घातली तेव्हा दोन मीटर दोरी ढिली असेल, तर ५.४:१ च्या रिळाला ती ताणायला साडेतीन फेरे लागतात. ८.१:१ ला सव्वादोन फेऱ्यांत काम होते. तेवढ्या अवधीत मरळ गवतात मुंडी घालते आणि दोरी गुरफटते.

धरणाच्या खोल, मोकळ्या पाण्यात खोल बुडणारे क्रँकबेट ओढायचे असेल, तर ५.४:१ च्या आसपासचे रीळ बरे. पावसाळ्यानंतर काळ्या मातीने गढूळ झालेल्या पाण्यातही आमिष सावकाश ओढावे लागते, कारण शिकारी मासा तेव्हा डोळ्यांपेक्षा पाण्यातल्या कंपनावर जास्त विसंबतो. वेगवान रिळाने सावकाश ओढणे अशक्य नाही, पण उत्साहाच्या भरात हात आपोआप जोरात फिरतो. मंद रीळ ही घाई स्वतःच आवरते.

चमचा, म्हणजे चकाकणारा धातूचा स्पून, किंवा पाते फिरणारे स्पिनरबेट अशी मधल्या वेगाची आमिषे असतील, तर ६.३:१ चे रीळ योग्य. एकच रीळ घ्यायचे बजेट असेल, तरी सुरुवात याच आकड्याने करावी. त्यावर बेडूकही नाचतो आणि क्रँकबेटही ओढता येते. मुख्यतः मरळच धरायची आणि तीही गवतातून, एवढे ठरलेले असेल तरच ७.१:१ कडे जावे. ८.१:१ हे पहिले रीळ म्हणून घेण्याचे कारण बहुतेकांकडे नसते.

बेटकास्टिंग रीळ सर्वांनाच हवे का?

नाही. सात-आठ ग्रॅमपेक्षा हलके आमिष असेल, तर साध्या बेटकास्टिंग रिळाचा स्पूल नीट फिरत नाही आणि फेक जवळच पडते. तिथे स्पिनिंग रीळ सरस ठरते. रोहू, मृगळ, कटला यांच्यासाठी कणकेचे किंवा पेंडीचे आमिष लावून वाट पाहत बसायचे असेल, तरीही बेटकास्टिंगची गरज नाही. नकली आमिष पुन्हा पुन्हा, नेमक्या जागी फेकायचे असेल आणि दोरी जाड असेल, तरच या रिळाचे पैसे वसूल होतात.

दोरीचा गुंता का होतो?

बेटकास्टिंग शिकणारा पहिल्याच दिवशी ज्याने हैराण होतो, तो हा गुंता. कारण साधे आहे. फेकलेल्या आमिषाचा वेग हवेच्या विरोधाने कमी होतो, पण जडत्वामुळे स्पूल त्याच वेगाने फिरत राहतो. आमिषाला हवी त्यापेक्षा जास्त दोरी सुटते आणि ती स्पूलवरच फुगून अडकते.

त्यावर रिळात दोन प्रकारचे ब्रेक असतात. चुंबकी ब्रेक बाहेरच्या चकतीने कमी-जास्त करता येतो. केंद्रोत्सारी ब्रेकमध्ये स्पूलसोबत फिरणारे छोटे ठोकळे बाहेर फेकले जाऊन कड्यावर घासतात. वेग जास्त तेव्हा ते जास्त रोखतात. शिमानोच्या महागड्या डीसी मालिकेत हे काम छोटा संगणक करतो. त्याला बॅटरी लागत नाही, फिरणाऱ्या स्पूलमधूनच वीज तयार होते.

साध्या रिळावर शिकताना तीन गोष्टी पाळाव्यात. आमिष बांधून काठी आडवी धरावी आणि हँडलजवळची ताण-चकती अशी बसवावी, की बटण दाबल्यावर आमिष सावकाश खाली उतरेल आणि जमिनीला टेकताच स्पूल थांबेल. ब्रेक सुरुवातीला पूर्ण ठेवून जमेल तसा कमी करावा. आमिष पाण्याला टेकण्याच्या क्षणी अंगठा स्पूलवर दाबावा. हा सराव धरणावर न करता मोकळ्या मैदानात, गळ काढून, नुसते वजन बांधून करावा. आणि समोरून वारा असेल तेव्हा फेकू नये.

खरेदीपूर्वी काय तपासाल?

पहिले, हँडल कोणत्या बाजूला आहे. स्पिनिंग रिळाचे हँडल सहसा काढून दुसऱ्या बाजूला लावता येते. बेटकास्टिंगचे येत नाही. डाव्या हाताने फिरवायचे आणि उजव्या हाताने फिरवायचे अशी दोन वेगळी मॉडेल येतात. चुकीचे मागवले तर परत करण्याशिवाय इलाज नाही.

दुसरे, छापलेला वेग खरा आहे का. दोरी भरल्यावर तिच्यावर खूण करावी, हँडल मोजून दहा वेळा फिरवावे, आत आलेली दोरी टेपने मोजावी आणि दहाने भागावे. हा आकडा खोक्यावरच्या आकड्याच्या जवळपास यायला हवा.

तिसरे, बेअरिंगच्या संख्येला भुलू नये. ‘१७ अधिक १ बेअरिंग’ ही जाहिरात आहे, टिकाऊपणाची हमी नाही. गिअर पितळेचा आहे की अ‍ॅल्युमिनियमचा, हे विचारणे जास्त उपयोगाचे. पितळ जड, पण झीज सोसणारे.

चौथे, ड्रॅग. मासा जोरात पळाला तर दोरी तुटण्याआधी स्पूल घसरून दोरी सोडतो, त्या यंत्रणेचे हे नाव. मोकळ्या पाण्यात तो दोरीच्या ताकदीच्या पाव ते एक तृतीयांश एवढ्यावर बसवतात. गवतातल्या मरळीसाठी तो जवळपास पूर्ण आवळतात आणि १८ ते २३ किलो ताकदीची विणलेली, न ताणणारी दोरी वापरतात. साध्या तंगुसाचा ताण झटका खाऊन टाकतो.

परवानगी कोणाची लागते?

रीळ विकत घेतले म्हणून मासे धरण्याचा हक्क मिळत नाही. पाटबंधारे जलाशयांतले मासेमारीचे हक्क राज्याच्या मत्स्यव्यवसाय विभागामार्फत ठेक्याने दिले जातात आणि त्यात मच्छीमार सहकारी संस्थांना प्राधान्य असते. संस्था ठेक्याची रक्कम भरते, स्वतःच्या खर्चाने मत्स्यबीज सोडते आणि त्यावर सभासदांची घरे चालतात. मरळ हा सोडलेला मासा नाही, ती तर मत्स्यबीज खाणारी, असा युक्तिवाद हौशी मंडळी करतात. पण जिवंत मरळीला बाजारात रोहू-कटल्यापेक्षा चांगला भाव मिळतो आणि ती कमाईही संस्थेचीच असते. त्यामुळे आधी संस्थेला विचारावे, फी असेल तर द्यावी आणि पावती जवळ ठेवावी. धरणाची भिंत, दरवाजे आणि सांडव्याजवळचा भाग सुरक्षेच्या कारणाने टाळावा. पावसाळ्यात दरवाजे उघडले की खालच्या नदीपात्रातले पाणी बघता बघता वाढते.

कोणत्या वेळी गळ टाकू नये?

मरळीचा विणीचा हंगाम प्रामुख्याने पावसाळ्यात असतो. त्या काळात पृष्ठभागाजवळ लालसर पिल्लांचा घोळका वळवळताना दिसतो. त्याच्या खाली पिल्ले राखणारी मरळ असते. पिल्लांवर काहीही आले की ती तुटून पडते, त्यामुळे तेव्हा ती धरणे सर्वांत सोपे. पण ती गेली की राखण संपते आणि इतर मासे पिल्लांचा फडशा पाडतात. एका माशापायी पुढच्या हंगामाची मरळ जाते. हा घोळका दिसला की दुसरीकडे गळ टाकावा.

उन्हाळ्यात डोह आटले की उरलेल्या पाण्यात मासे दाटतात. मरळ ओल्या चिखलातही तग धरून पुढच्या पावसाची वाट पाहते. तेव्हा मिळेल तेवढे काढणे म्हणजे बियाणे दळून खाण्यासारखे आहे.

आणखी एक धोका विजेचा. आजच्या बहुतेक काठ्या कार्बनच्या असतात आणि कार्बनमधून वीज वाहते. ढग गडगडू लागले की काठी खाली ठेवून पाण्यापासून दूर जावे. शेतातल्या विजेच्या तारांखाली काठी उभी करू नये.

बास इथे आणून सोडला तर?

ही कल्पनाही कुणाला सुचू शकते. जपानमध्ये ते झाले आहे. १९२५ मध्ये तिथल्या आशिनोको सरोवरात अमेरिकी बास आणून सोडला गेला. पुढे तो देशभर पसरला. २००९ मध्ये तिथल्या बिवा सरोवरात मानाबू कुरिता यांनी १० किलोंहून जास्त वजनाचा बास पकडून १९३२ पासूनच्या अमेरिकी जागतिक विक्रमाशी बरोबरी साधली. पण त्याआधीच, स्थानिक मासे संपत चालल्याने, जपानला २००५ मध्ये आक्रमक परदेशी प्रजातींविरुद्धचा कायदा बासला लागू करावा लागला होता. आपल्याकडेही थाई मांगूर या परदेशी माशाच्या पालनावर याच कारणाने बंदी आहे.

हिंगोलीच्या पाण्याला बासची गरज नाही, मरळ आहेच. रिळावरचा आकडा तिच्या स्वभावाला जुळवून घ्यायचा आहे. त्यासाठी दुकानात जाण्यापूर्वी ज्या पाण्यात गळ टाकायचा आहे, तिथे एक सकाळ नुसते बसावे. गवत किती, खोली किती आणि ‘डुबुक’ आवाज कुठून येतो, हे पाहावे. घ्यायचा आकडा तिथेच ठरतो.